कडुलिंबाजवळचा आवाज

तीर्थपुरीचा अप्पाराव मिस्तरी दातानं ऐकतो. नव्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. हसू द्या. त्यानं एकदा बसस्टँडमागच्या गॅरेजवर जाऊन बघावं. गाडी आली की अप्पाराव इंजिन चालूच ठेवायला लावतो आणि हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढतो. तिकडं त्याला पेचकस म्हणतात. पेचकसाचं टोक इंजिनच्या अंगाला टेकवून तो लाकडी मूठ दातांत घट्ट धरतो आणि डोळे मिटतो. इंजिनच्या पोटात जे चाललेलं असतं ते दातांतून थेट टाळक्यात जातं. मग मूठ काढून, पँटीला पुसून तो म्हणतो, "पाण्याच्या पंपाची बेरिंग." खोलून बघावं तर बेरिंगच असते.

याला काही सिद्धी म्हणू नये. त्याचे कान गेलेत, एवढंच. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर ऊस वाहणारे ट्रॅक्टर-ट्रक दुरुस्त करण्यात त्याची सारी जवानी गेली. पत्र्याच्या शेडखाली हंगामभर घणाचे घाव आणि सायलेन्सर काढलेली इंजिनं. उजवा कान तिथंच राहिला, डावा अर्धामुर्धा घेऊन तो तीर्थपुरीला परत आला. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून त्यानं दाताची युक्ती काढली, आणि पुढं युक्तीचंच नाव झालं. बायको सत्यशीला मात्र त्याला सोडत नाही. "मी घसा फोडून हाक मारते ती ऐकू येत न्हाई, अन् गाडीचं पोट दुखलं तर बराबर कळतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणते. अप्पाराव हसतो. बहुधा तेही त्याला अर्धंच ऐकू आलेलं असतं.

भुताखेतांचं त्याला पहिल्यापासून वावडं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव गोदावरीत सोडले, आणि घरी येऊन म्हणाले, देव गेले तशी भुतंही गेली, दोघांचा संसार एकच होता. अप्पाराव हे गॅरेजवर सगळ्यांना ऐकवायचा. आवाज आहे म्हणजे काहीतरी ढिलं आहे, ढिलं आहे म्हणजे पाना लावायचा. एवढं साधं शास्त्र. गेल्या चैत्रापर्यंत या शास्त्रानं त्याला कधी दगा दिला नव्हता.

चैत्रातल्या त्या सकाळी बद्रीनाथ आपली पांढरी पिकअप घेऊन आला. बद्रीनाथ म्हणजे शेजारच्या गावचा मोसंबीवाला शेतकरी, तोलूनमापून बोलणारा. गाडी खरं तर त्याच्या मुलाची, हरिओमची. हरिओम ती भाड्यानं चालवायचा, गावोगावची मोसंबी जालन्याला पोचवायचा. मोठा हौशी गडी. उजव्या हातात तांब्याचं जाड कडं, कोपर कायम खिडकीबाहेर. कुठून निघाला किंवा कुठं पोचला की कड्यानं दारावर वाजवायचा, टक-टक, जरा थांबून टक. त्या सगळ्या रस्त्याला हा आवाज ठाऊक होता. चहाच्या टपरीवाला नुसत्या आवाजावर कप विसळायला घ्यायचा.

आदल्या वैशाखात हरिओम गेला. जालन्याहून रिकामी गाडी घेऊन परतत होता. अंकुशनगरचा फाटा मागं पडला की रस्त्याकडेला एकच मोठं कडुलिंबाचं झाड आहे. ऐन बाराच्या उन्हात त्यानं तिथं गाडी लावली, सावलीत जाऊन टेकला आणि उठलाच नाही. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं काळीज बंद पडलं. लोकांना सापडला तेव्हा गाडीचं इंजिन चालूच होतं. माणूस गार आणि गाडी गरम, हे ज्यांनी पाहिलं ते अजून त्या झाडाखाली थांबत नाहीत.

"आवाज येऊन राह्यलाय, अप्पाराव," बद्रीनाथ म्हणाला.

"कसा?"

बद्रीनाथनं इकडंतिकडं पाहिलं आणि अप्पारावच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं. "हरिओम दारावर वाजवायचा ना. तसा."

दिवाळीपासून हे चाललं होतं. सकाळी गाडी माल भरून जाते तेव्हा हूं नाही की चूं नाही. जालन्याहून रिकामी परतते तेव्हा मात्र त्या लिंबाच्या आसपास इंजिनाकडून आवाज सुरू होतो. थांबून बोनेट उघडावं तर बंद. जालन्यात दोन जागी दाखवून झालं, कुणाला काही सापडलं नाही. दोन ड्रायव्हर ठेवले, दोघांनीही चावी आणून ओट्यावर ठेवली आणि तोंड फिरवलं. मग हरिओमची बायको शीतल स्वतःच गाडीवर बसली. नवऱ्यामागं तिनं लायसन काढलं होतं. गावानं नाकं मुरडली, तिनं ढुंकून पाहिलं नाही.

"पण आता बस झालं," बद्रीनाथ म्हणाला. "एक गेला. ह्या गाडीला दुसरी न्हाई खाऊ देणार म्या. बेस्तरवारी भंगारवाला यायलाय. तवर आवाज निघाला तर ठीक, न्हाई तर गाडी त्याला, अन् पोरगी तिच्या माहेरी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. भीती होती, आणि भ्यालेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

तो चहाला गेल्यावर, गाडी चालवत आलेली शीतल स्टेअरिंगवरून खाली उतरली. "काका, गाडी गेली की मला सासरी कोण ठेवंल? माहेरी जाऊन जन्मभर भावजयीचं तोंड बघत बसायचं का? एवढा आवाज तेवढा काढा." बोलताना तिनं दोन्ही हात पदरात घेतले. मनगटं मोकळी होती. दहाव्याला काढलेल्या बांगड्या पुन्हा चढल्या नव्हत्या.

"काढतो," अप्पाराव म्हणाला. "आवाज हाय म्हणजे काहीतरी ढिलं हाय."

गाडीत आणखी एक जण होतं, ते उतरलंच नाही. हरिओमची आई, द्वारकाबाई. दिवाळीपासून ही बाई एकही खेप चुकवत नव्हती. जालन्यात तिचं काही काम नसायचं. गाडीत बसून जायची, गाडीत बसून यायची. लोक म्हणायचे, सुनेवर डोळा ठेवून आहे. लोकांचं काय, सुतावरून स्वर्ग गाठतात.

अप्पारावनं तो दिवस आणि पुढचा दिवस त्या एका गाडीला दिला. मूठ दातांत धरून त्यानं इंजिनचा कोपरान् कोपरा ऐकला. टॅपेट बराबर, पट्टा बराबर, पंप बराबर. इंजिन ज्यावर बसतं ती रबरं त्यानं बदलली, सायलेन्सरच्या पट्ट्या आवळल्या. पण खरं सांगायचं तर त्या इंजिनला काही झालेलंच नव्हतं. दातात येत होती ती एकसारखी, निरोगी घरघर. निरोगी इंजिनाची त्याला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. आणि तो बोनेटमध्ये वाकला की द्वारकाबाई काचेआडून त्याचे हात बघत बसायची. रात्री सत्यशीलानं विचारलं, जेवत का नाही. त्यानं नेहमीसारखं न ऐकल्याचं सोंग केलं.

बुधवारी सकाळी तो शीतलला म्हणाला, "आवाज जिथं येतो तिथंच जाऊन ऐकू."

द्वारकाबाई काही उतरेना, म्हणून ती मध्ये बसली, अप्पाराव डाव्या हाताला. अंबडपर्यंत रिकामी गाडी नेली. जाताना लिंब आला आणि गेला, काही झालं नाही. अंबडला चहा घेतला, ऊन चढू दिलं, आणि गाडी माघारी वळवली.

बाराची वेळ जुनी माणसं रात्रीपेक्षा वाईट मानतात. रात्री निदान दिवे असतात. त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही अंगाला ऊस तुटून गेलेली रानं, पाचट जाळून काळी पडलेली. डांबर चमकत होतं आणि कशाचीच सावली कशाच्या बाहेर पडत नव्हती. अप्पारावनं पेचकसाचं टोक पायाजवळच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. घरघर, घरघर. फाटा मागं पडला. लांबवर लिंब दिसला.

टक-टक. टक.

दातांना धातू कळतो. धातूवर धातू वाजत होता. अप्पारावनं हाताच्या खुणेनं वेग वाढवायला सांगितलं. इंजिनमधला कुठलाही आवाज इंजिनच्या चालीनं चालतो, वेग वाढला की तोही भराभर येतो. शीतलनं पाय दाबला, इंजिन ओरडलं, पण तो आवाज आपल्या चालीतच राहिला. टक-टक. थांबून टक. त्याला इंजिनशी काही देणंघेणं नव्हतं.

तेवढ्यात द्वारकाबाई पुढं वाकली. तिनं समोरच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि झोपेतून उठलेल्या लेकराला विचारावं तसं विचारलं, "आलास का रे?"

आतून आलं, टक.

ड्रायव्हर का पळाले ते अप्पारावला त्या घटकेला कळलं. आजोबांची शिकवण त्याला पाठ होती, पण मानेवरच्या केसांना कुणी ती शिकवली नव्हती. ते उभे राहिले. त्यानं मूठ तोंडातून काढली आणि "थांबव" म्हणाला. शीतलनं गाडी थांबवली ती नेमकी लिंबाखाली. तिलाही ते थांबल्यावर कळलं.

इंजिन चालू होतं. आवाज बंद. लिंबाचं पान हलत नव्हतं. खोडापाशी जिथं हरिओम टेकला होता तिथं कुणीतरी कधीकाळी ठेवलेला दगड होता, त्यावरचं कुंकू उन्हानं उडालेलं. अप्पारावला वाटलं, उतरूच नये आणि सरळ घरी जावं. उद्या भंगारवाला येईल, गाडी जाईल, सुंठीवाचून खोकला जाईल. मग त्याला शीतलची मोकळी मनगटं दिसली, स्टेअरिंगवर आवळलेली. तो उतरला आणि त्यानं बोनेट उघडलं.

तापलेल्या इंजिनची वाफ तोंडावर आली. नेहमीच्या जागा त्यानं पुन्हा पाहिल्या. काही नाही. मग तो उजेडाची पर्वा न करता खोल वाकला, इंजिनच्या पार मागं, जिथं केबिनची भिंत लागते. तिथं उष्णता अडवायला एक पातळ पत्रा ठोकलेला असतो. त्या पत्र्याच्या वरच्या कडेला पिवळं बोट ओढलेलं होतं. शेजारी लाल ठिपका.

हळदकुंकू. दसऱ्याला गाडी पुजतात, पण पुढच्या जाळीला, चाकाला, स्टेअरिंगला. इंजिनच्या पाठीमागं हात घालून हळद कोण लावतं?

"शीतल," त्यानं हाक मारली, "दसऱ्याला गाडी पुजली व्हती का?"

"वर्ष सरलं नव्हतं, काका. घरात सणच न्हवता. पण आत्याबाई ऐकनात. बोनेट उघडायला लावलं, मला आत पाठवलं, अन् एकट्यांनीच पूजा केली."

अप्पारावनं मान वर केली. उघडलेलं बोनेट आणि काच यांच्यामध्ये वीतभर फट होती. त्या फटीतून द्वारकाबाईचे दोन डोळे त्याच्याकडं बघत होते. पापणी हलत नव्हती.

त्यानं नजर काढून घेतली आणि पत्र्यामागं हात घातला. कोपराखाली कातडी भाजली, तरी त्यानं हात मागं घेतला नाही. बोटांना आधी काजळी लागली, जळून कोळसा झालेल्या फडक्याची. मग काहीतरी गोल लागलं. वाकडं करून, फिरवून, त्यानं ते ओढून काढलं.

तांब्याचं कडं. सगळं काळं पडलेलं, आणि एकाच जागी, जिथं ते पत्र्यावर आपटत होतं, तिथं लखलखीत.

शीतल उतरून पुढं आली, तिनं ते पाहिलं आणि ती रस्त्यावरच बसली. कडं तिनं लगेच ओळखलं. चितेवर ठेवण्याआधी हरिओमच्या हातातून ते काढलं होतं, राखेबरोबर नदीत सोडायला म्हणून. सोडलं, असंच सगळ्यांना वाटत होतं.

द्वारकाबाई हळूहळू खाली उतरली. "म्या ठेवलं," ती म्हणाली. "त्याची गाडी व्हती. म्हणलं, गाडीबरुबर हिंडंल, तिला संभाळील."

अप्पारावला एकदम हायसं वाटलं. मान्य करायला हरकत नाही, शास्त्र परत सापडल्याचा त्याला आनंद झाला. तो गरजेपेक्षा मोठ्यानं बोलू लागला. "बघा वहिनी, ह्यात काही न्हाई. तुम्ही फडक्यात गुंडाळलं, फडकं जळालं. पत्रा गार असला की कडं दाबून धरतो. जालन्याहून येताना इंजिन तापतं, वरून ऊन, पत्रा फुगतो, फट पडते. रिकामी गाडी जास्ती उडते. मंग ते लोंबकळून वाजतं. गाडी थांबली की वाजायचं थांबतं. लिंबापाशी का? तर तिथवर पुरतं तापतं. अन् पुढं रस्ता खराब हाय. झालं."

द्वारकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "कडं त्याच्याच हातातलं ना, भाऊ?"

"हां."

"मंग वाजवायला दुसरं कोण येईल? अन् पत्रा दोन अन् एक असंच वाजतो का? तीन न्हाई, चार न्हाई?"

अप्पारावकडं पत्र्याचं उत्तर होतं, कड्याचं होतं, उन्हाचं होतं. दोन आणि एकचं नव्हतं.

"लोक म्हणतात, मेल्या माणसाची वस्तू ठिवली की जीव अडकतो," म्हातारी लिंबाकडं बघत म्हणाली. "म्या अडकवला. पहिल्यांदा वाजलं तव्हा लई भ्याले. मंग वाटलं, अडकला तर अडकला. निदान रोज भेटतोय." आणि तिनं हात पुढं केला. "परत ठेवा ना भाऊ तिथंच. फडक्यात घट्ट बांधून. कुणाला न्हाई सांगत म्या."

शीतल उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण फाटला. "आत्याबाई, आवाज ऱ्हायला तर उद्या गाडी जाईल. गाडी गेली की मी जाईन. कडं भंगारात जाईल. मंग कुणाची वाट बघताल?"

रस्त्यावर कुणी नव्हतं. इंजिन घरघरत होतं, पार निरोगी. म्हातारीनं आधी झाडाच्या बुंध्याकडं पाहिलं, मग सुनेकडं. पाहतच राहिली. अप्पाराव पाय न हलवता उभा होता. त्याला माहीत होतं, ही दुरुस्ती त्याच्या पान्यातली नाही.

शेवटी द्वारकाबाईनं कडं घेतलं. पदराचा शेव थुंकीनं ओला करून ते घासलं, पुसलं. मग सुनेचा उजवा हात ओढला आणि बोटं मिटवून, चुडेवाली भरते तसं, ते तिच्या मोकळ्या मनगटावर चढवलं. दहाव्याला त्याच हातातल्या बांगड्या तिनंच काढल्या होत्या.

"चल," ती म्हणाली. "घरी मोसंबी भरायची हाय."

बद्रीनाथला एवढंच सांगितलं, की पत्रा ढिला होता. खोटं काही नव्हतं. बेस्तरवारी तो स्वतः शेजारी बसून जालन्याला गेला आणि भर दुपारी लिंबावरून परत आला. गाडीनं ब्र काढला नाही. सुनेच्या हातातलं कडं त्यानं येताना पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि खिडकीबाहेर तोंड केलं. भंगारवाला ओट्यावर ताटकळला होता. बद्रीनाथनं त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

द्वारकाबाईनं त्या दिवसापासून गाडीत बसणं सोडलं. विधवेच्या हातात नवऱ्याचं कडं बघून गावात चार तोंडं हललीच, पण म्हातारीनं अशी काही नजर दिली की ती मिटली. बाजाराच्या दिवशी ती तीर्थपुरीला येते आणि गॅरेजच्या बाकड्यावर सत्यशीलाशी बोलत बसते. शीतल रिकामी गाडी घेऊन दुपारी येते आणि तिला घरी नेते.

वैशाखातली गोष्ट. बाराचा सुमार. अप्पाराव एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. त्याच्या कानांना तिथून रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. पण त्या दिवशी हातातला पाना पत्र्याला टेकलेला होता की काय कोण जाणे, त्याला स्वच्छ ऐकू आलं. टक-टक. टक.

तो खालून सरपटत बाहेर आला, पाठीला दगड टोचले ते त्याला कळलं नाही. बाकड्यावरची द्वारकाबाई उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. "आली माझी शीतल," ती सत्यशीलाला म्हणाली, आणि पिशवी उचलून गाडीकडं गेली.

पिकअप दारात उभी होती. शीतलचं उजवं कोपर खिडकीबाहेर होतं आणि कडं दाराला लागलेलं. अप्पाराव हात पुसत जवळ गेला. त्याला खरंच बरं वाटलं होतं, तसं त्यानं बोलूनही दाखवलं. "चांगलं करतीस, बाई. असं वाजवतीस ते. आत्याबाईला लई बरं वाटतं."

शीतलनं त्याच्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या स्वतःच्या हाताकडं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. तिनं तो झटकन आत घेतला.

"मी कुठं काय वाजवते, काका?"

तिकडून द्वारकाबाई दार उघडून आत बसत होती. हसून गाल वर आले होते, किती दिवसांनी कोण जाणे. अप्पारावनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा त्या कड्याकडं. त्याच्या आयुष्यात त्यानं कुठल्याही आवाजाला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"काही न्हाई," तो म्हणाला आणि दारावर थाप मारली. "गाडी बराबर हाय. जा."